स्वमग्न मुलांचे विशेष शिक्षण व वर्तनोपचार



या वर्षीच्या व्याख्यानासाठी आपल्या संस्थेने स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा विषय निवडला, याबद्दल आम्ही प्रथम संस्थेचे मनःपूर्वक आभार मानतो. कल्याणकारी संस्थेचे काम म्हटले की वह्यावाटप, शिष्यवृत्ती, आरोग्य शिबिर, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार हे कार्यक्रम डोळ्यांपुढे येतात. ते आवश्यकच आहेत. पण ज्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर टिकत नाही, ज्याला घेऊन आई लग्नसमारंभाला जाणे टाळते, ते मूल या यादीत कोठेच येत नाही. आज आपण त्या मुलाविषयी बोलणार आहोत.

आम्ही विशेष शिक्षक आहोत. ही मुले आणि त्यांचे आईवडील यांच्याबरोबर आमचा दिवस जातो. त्या अनुभवातून आणि या विषयातील अभ्यासातून आम्हाला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. स्वमग्न मुलाचे वागणे निरर्थक नसते. ज्याला शब्दांनी सांगता येत नाही ते मूल वागण्यातून सांगते. त्या वागण्याचा अर्थ शोधणे आणि तेच सांगण्याचा अधिक सोपा मार्ग त्याला शिकवणे, हेच त्याचे शिक्षण आणि हाच त्याचा उपचार.

स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी अकरा मुलांची लक्षणे एका लेखात नोंदवली आणि 'ऑटिझम' हा शब्द या अवस्थेला चिकटला. आपण मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतो. हा शब्द रूढ झाला आहे, परंतु त्याने एक गैरसमजही होतो. मूल मुद्दाम स्वतःत रमून बसले आहे, त्याला आपली पर्वा नाही, असे लोकांना वाटते. वास्तविक त्याच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. लोकांचे चेहरे, आवाज, स्पर्श, गर्दी यांतून अर्थ लावण्याची त्याची पद्धत वेगळी असते. त्याला आई आवडत नाही असे नाही. 'तू मला आवडतेस' हे दाखवण्याची त्याची रीत आपल्या ओळखीची नसते, इतकेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक स्वमग्न होती. म्हणजे आपल्या हजार-बाराशे वस्तीच्या गावात किंवा दोन-तीन मोठ्या चाळींत मिळून अशा आठ-दहा व्यक्ती असू शकतात. त्या दिसत नाहीत, कारण त्यांना घरात ठेवले जाते किंवा 'वेडसर', 'हट्टी', 'लाडावलेला' अशी नावे देऊन विषय मिटवला जातो.

पालकांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही. दीड वर्षाचे मूल हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नाही. आईचे मनगट धरून तिचा हात डब्याकडे नेते. येत असलेले शब्द बोलायचे थांबते. एकच चाक तासन् तास फिरवते, मिक्सरच्या आवाजाने किंचाळते, रोजचा रस्ता बदलला तर रस्त्यात लोळण घेते. यातील एखादी खूण दिसली म्हणजे मूल स्वमग्नच आहे असे नाही. मात्र अनेक खुणा एकत्र दिसल्या तर 'मुलगा आहे, उशिरा बोलेल' या समजुतीवर वर्ष-दोन वर्षे घालवू नयेत. निदानाचा कागद हातात येण्याची वाट न पाहता शिकवणे सुरू करता येते, आणि लवकर सुरू केलेले शिकवणे अधिक उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा कोणाचा दोष नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले, ती नोकरीला का गेली, कोणाची नजर लागली, मागच्या जन्मी कोणी काय केले, या प्रश्नांना येथे जागा नाही. शिकलेल्या लोकांनीही हा अन्याय केला आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत थंड मनाच्या आयांमुळे मुले स्वमग्न होतात असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून या मताला आव्हान दिले आणि कारण मेंदूच्या घडणीत आहे हे पुढे आणले. आज त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे मान्य झाले आहे. आपल्याकडे मात्र सुनेला दोष देणारी घरे अजून आहेत.

वर्तनोपचाराचा पाया

वागणे शिकवता येते, या विचारावर वर्तनोपचार उभा आहे. ज्या कृतीनंतर आपल्याला हवे ते मिळते ती कृती आपण पुन्हा करतो, हा साधा नियम आहे. कॅलिफोर्नियातील डॉ. इव्हार लोव्हास यांनी हा नियम स्वमग्न मुलांच्या शिक्षणात पद्धतशीरपणे वापरला. १९८७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन किंवा अधिक वर्षे, एका मुलामागे एक शिक्षक अशा रीतीने शिकवले होते. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण पहिलीच्या वर्गात यशस्वीपणे बसू शकली. त्या काळी या मुलांना संस्थेत ठेवण्याखेरीज उपाय नाही असे समजले जाई. म्हणून या निष्कर्षाने पालकांना मोठी आशा दिली.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि नंतरच्या अभ्यासांत सर्वांना इतके यश आले नाही. शिवाय त्या काळच्या पद्धतीत मुलावर ओरडणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. अशा शिक्षणातून गेलेली मुले आज मोठी झाली आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकजण सांगतात की, डोळ्यांत पाहण्याची सक्ती, हात हलवायला बंदी आणि दिवसभर आज्ञा पाळणे याने त्यांच्या मनावर घाव झाले. त्यांचे ऐकले पाहिजे. चांगल्या वर्तनोपचारात आज शिक्षेला स्थान नाही. मूल इतरांसारखे दिसावे हा हेतू धरायचा नाही. त्याला आपली गरज सांगता यावी, स्वतःचे काम स्वतः करता यावे आणि सुरक्षित राहता यावे, हा हेतू धरायचा. कोणाला इजा न होता मूल आनंदाने हात फडफडवत असेल तर ते फडफडवू द्यावे.

वागण्याचा अर्थ कसा शोधावा?

यासाठी एक साधी वही पुरते. तिच्यात तीन रकाने आखावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. आठवडाभर नोंदी ठेवल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते.

एक उदाहरण देतो. सात वर्षांचा एक मुलगा शाळेत प्रार्थनेच्या वेळी स्वतःचा हात कडकडून चावत असे. तो खोडकर आहे, त्याला प्रार्थना आवडत नाही, असे सर्वांचे म्हणणे होते. वहीतील नोंदी पाहिल्या तेव्हा निराळेच दिसले. ज्या दिवशी ध्वनिक्षेपक बंद होता त्या दिवशी तो शांत उभा होता. ध्वनिक्षेपक सुरू झाला की तो आधी कान झाके, मग हात चावे, आणि चावल्यावर शिपाई त्याला बाहेर नेत असे. 'मला हा आवाज सहन होत नाही, मला बाहेर न्या' हे त्याचे म्हणणे होते, आणि हात चावल्याखेरीज ते कोणाला कळत नव्हते. त्याला एक कार्ड दिले. त्यावर दाराचे चित्र होते. कार्ड हातात दिले की लगेच बाहेर न्यायचे असे ठरले. प्रथम शिक्षकांनी त्याचा हात धरून कार्ड द्यायला शिकवले, मग ती मदत हळूहळू काढून घेतली. उभे राहण्याची जागाही कर्ण्यापासून लांब केली. काही आठवड्यांत चावणे जवळजवळ थांबले. मुलगा सुधारला असे लोक म्हणाले. आम्ही म्हणतो, त्याचे म्हणणे ऐकले गेले.

साधारणपणे अशा वागण्यामागे चार कारणे आढळतात. मुलाला एखादी वस्तू हवी असते, कोणाचे लक्ष हवे असते, एखाद्या कामातून वा जागेतून सुटका हवी असते, किंवा त्या हालचालीतूनच शरीराला बरे वाटत असते. कारण वेगळे तर उपाय वेगळा. सुटका हवी म्हणून ताट फेकणाऱ्या मुलाला खोलीबाहेर काढणे ही शिक्षा होत नाही, ते बक्षीसच ठरते. त्याचबरोबर दुखणेही तपासावे. दात, कान, पोट दुखत असताना सांगता न येणारे मूल डोके आपटू शकते. अशा वेळी आधी डॉक्टर, मग वही.

लहान पायऱ्या

विशेष शिक्षणाचे दुसरे सूत्र म्हणजे मोठे काम लहान पायऱ्यांत फोडणे. 'हात धुऊन ये' हे आपल्याला एक काम वाटते. त्यात नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे अशी किमान सात कामे आहेत. एका वेळी एक पायरी शिकवावी. शर्ट घालायला शिकवताना आम्ही बहुधा शेवटून सुरुवात करतो. आईने सर्व शर्ट घालून द्यावा, फक्त शेवटचे बटण मुलाने लावावे. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा होतो. मग शेवटची दोन बटणे, मग तीन.

काम जमले की त्याच क्षणी कौतुक झाले पाहिजे. संध्याकाळी दिलेले बक्षीस सकाळच्या कामाशी मुलाला जोडता येत नाही. बक्षीस काय, हे मूल ठरवते. एखाद्याला चुरमुरे, एखाद्याला झोका, एखाद्याला पंख्याकडे दोन मिनिटे पाहत बसणे. पुढे बक्षिसे विरळ करावीत. घरी शिकलेले शाळेत आणि मामाच्या घरी जमते का, हेही पाहावे. एकाच ठिकाणी जमणारी गोष्ट पुरती शिकली गेलेली नसते.

यांतील बऱ्याच मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक नीट समजते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात डॉ. एरिक शॉपलर यांनी उभारलेल्या 'टीच' कार्यक्रमाचा हाच पाया आहे. हा कार्यक्रम १९७२ पासून त्या राज्याने चालवला आणि आईवडिलांना सहशिक्षक मानले. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा: दात घासणे, आंघोळ, नाश्ता, शाळा. झालेले चित्र मुलाने काढून डब्यात टाकावे. यासाठी महाग साहित्य लागत नाही. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन, घरातल्या वस्तूंचे फोटो पुरतात. चित्रे दिली तर मूल बोलायचेच नाही, अशी भीती पालकांना वाटते. अभ्यास आणि अनुभव दोन्ही सांगतात की ही भीती निराधार आहे. संवादाची गोडी लागली की काही मुलांचे शब्दही वाढतात.

घर हीच पहिली शाळा

आठवड्याला ४० तास शिकवणारा शिक्षक आपल्यापैकी कितीजणांना परवडेल? म्हणून आपल्या दृष्टीने एक अभ्यास फार महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्या शेजारी गोव्यात झाला. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पंधरवड्याला एक अशा बारा भेटींत आईवडिलांना मुलाच्या खेळाकडे पाहायला, थांबायला आणि मुलाने काही सुरू केले की त्याला प्रतिसाद द्यायला शिकवत. परिणामी पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्व अडचणी सुटल्या असे नव्हे. पण गरीब घरातही हे काम करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

भाषेविषयी येथेच सांगतो. अनेक स्वमग्न मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणतात. तहान लागली की 'तुला पाणी पाहिजे?' असे मूलच विचारते. मुलगा आईचे ऐकून 'मी जाते' म्हणतो आणि लोक हसतात. हसू नये. ते वाक्य म्हणजे त्याची मागणी आहे. पाणी द्यावे आणि देताना त्याच्या तोंडचे योग्य वाक्य आपण म्हणावे: 'मला पाणी पाहिजे.' शाळा इंग्रजी म्हणून घरातली मराठी बंद करा, असा सल्लाही पालकांना दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे अभ्यासांत आढळलेले नाही. आजी ज्या भाषेत अंगाई म्हणते ती भाषा मुलापासून तोडली तर त्याच्याशी बोलणारी माणसेच कमी होतात.

शाळा आणि हक्क

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून दारातून परत पाठवणे शाळेला शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. पालकांनी अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. त्यांचा अर्ज शाळेमार्फत आधीच करावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते, तेव्हा शंका असेल तर पथकाला जरूर सांगावे.

सावधानतेचा इशारा

स्वमग्नता पूर्ण बरी करून देतो असे सांगणारे अनेक भेटतात. आजवर तसे औषध नाही. काही औषधे तीव्र चिडचिड वा झोपेच्या तक्रारी कमी करण्यासाठी डॉक्टर देतात, ती वेगळी गोष्ट. मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, महागडे उपचार विकले जातात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नाही, आणि त्याचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे सांगितले. लसीमुळे स्वमग्नता येते असा दावा करणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० साली मागे घेण्यात आला. लस टाळू नये. अंगावरचे दागिने विकून, गहाणवट करून उपचार घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: नेमके काय शिकवणार, प्रगती कशी मोजणार, आणि शिकवताना आम्हाला शेजारी बसू देणार का? तिसऱ्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आले तर तेथून उठावे. शिकवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही पाहावे.

आपण काय करू शकतो?

संस्थेने महिन्यातून एक दिवस आपले सभागृह या पालकांसाठी उघडावे. तेथे भाषणे नकोत. एका आईने दुसऱ्या आईला वही दाखवावी, चित्रांची कार्डे मिळून करावीत, प्रमाणपत्राचे अर्ज जाणकारांनी भरून द्यावेत. दोन तास मुलांना कोणी सांभाळले तरी त्या घराला केवढा विसावा मिळेल! कार्यक्रमात एक कोपरा आवाजापासून दूर ठेवावा, म्हणजे ती मुलेही येऊ शकतील.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणी विशेष शिक्षणातील पदविका वा पदवीचा विचार अवश्य करावा. या शिक्षकांची फार गरज आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी आपल्या गल्लीतल्या एका मुलाचे नाव, त्याची आवडती वस्तू आणि त्याला न सोसणारा आवाज एवढे तरी माहीत करून घ्यावे.

ही मुले मोठी होणार आहेत. आमच्यानंतर याचे काय, हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांच्या उशाशी असतो. कायद्यात अठरा वर्षांनंतर पालक नेमण्याची तरतूद आहे, पण कायद्याचा पालक आंघोळीचे पाणी काढून देत नाही. आज शिकलेले एक बटण, एक कार्ड, एक 'मला पाहिजे' हीच त्या उद्याची ठेव आहे. त्या ठेवीत आपल्या संस्थेनेही आपला वाटा घालावा, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.